पावसाळ्यात परसातल्या शेडमुळे घरातला आरसीसीबी वारंवार का पडतो, आणि दोष कसा शोधावा

वळवाचे दोन-चार पाऊस होऊन मृग लागला, की बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांतून दरवर्षी एकाच तक्रारीसाठी बोलावणी येऊ लागतात. घरातल्या बोर्डावरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडतो. वर केला की कधी तो लगेच पडतो, कधी तासाभराने पडतो, आणि दोन दिवस कडक ऊन पडले की काहीच झाले नव्हते अशा थाटात टिकून राहतो. अशा घरांत बहुतेक वेळा एक गोष्ट समान आढळते. परसात, म्हणजे आमच्या बोलीत परड्यात, अवजारे, फवारणीचा पंप किंवा कडबा कुट्टीचे यंत्र ठेवण्यासाठी पत्र्याची शेड उभी केलेली असते, आणि घराचे वायरिंग होऊन बऱ्याच वर्षांनी, हाताशी जी वायर आणि जो पाइप होता त्यातून, तिच्यापर्यंत वीज नेलेली असते. मी या भागात वायरिंगचे काम करतो. या एका दोषापायी चांगले आरसीसीबी भंगारात गेलेले आणि काही घरांत ते काढून टाकून लाइन ‘डायरेक्ट’ केलेली मी पाहिली आहे. म्हणून दोष शोधण्याची पद्धत कारणांसह लिहीत आहे.

पहिल्यांदा ‘डायरेक्ट’विषयी. आरसीसीबी पडतो याचा अर्थ कुठेतरी प्रवाह वायर सोडून जमिनीत जात आहे. तो काढून टाकल्याने प्रवाह जायचा थांबत नाही, फक्त सांगणारा उरत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये हे फारच घातक ठरते, कारण एका ठिकाणी फेजची वायर सोलली गेली तरी छत, भिंती आणि दाराची कडी, सगळेच विजेखाली येते, आणि पावसात अनवाणी पायाने कडी उघडणारा माणूस त्या प्रवाहाची वाट बनतो. दोष सापडेपर्यंत शेड अंधारात राहिली तरी चालेल, परंतु आरसीसीबीला वगळून घर चालू ठेवू नये. आणखी एक मर्यादा सुरुवातीलाच सांगतो. निरीक्षण करणे, नोंद ठेवणे आणि मेन स्विच बंद करणे हे घरातल्या माणसाचे काम आहे. बोर्ड उघडणे, वायर सोडवणे आणि मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावणे हे परवानाधारक वायरमनचे काम आहे. पुढचे वाचून घरातल्या माणसाने स्वतः बोर्ड उघडू नये. आपल्याकडे आलेला वायरमन योग्य ठिकाणी शोधतो आहे की नाही, हे ओळखण्यासाठी ते वाचावे.

आता त्या चुकीकडे वळतो, जी घरमालकच नव्हे तर अनुभवी वायरमनसुद्धा करतात. आरसीसीबी पडला, की बोर्डावरचा शेडचा एमसीबी (भार जादा झाला की तुटणारा स्विच) खाली केला जातो आणि आरसीसीबी पुन्हा वर केला जातो. तरीही तो पडला, तर ‘शेड बंद आहे आणि तरी पडतो, म्हणजे दोष शेडमध्ये नाही’ असा निष्कर्ष काढून घरातले गिझर, फ्रीज आणि मिक्सर एकेक करून तपासले जातात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्या घरांतले बहुतेक एमसीबी एका पोलचे असतात, म्हणजे ते फक्त फेज तोडतात. शेडकडे गेलेली न्यूट्रलची, म्हणजे प्रवाह परत आणणारी, वायर न्यूट्रल लिंकला, म्हणजे सगळ्या न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीला, जशीच्या तशी जोडलेली राहते. दोष त्या न्यूट्रलमध्ये असेल, तर शेडचा एमसीबी वर असो वा खाली, आरसीसीबीच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

याचे कारण आरसीसीबीच्या रचनेत आहे. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल एकाच लोखंडी कड्यातून जातात. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सारखे असतील तोवर तो शांत असतो, आणि त्यांच्यात ठराविक फरक पडला की तो पडतो. घरगुती आरसीसीबीसाठी ही मर्यादा ३० मिलीअँपिअर असते. प्रत्यक्षात १५ मिलीअँपिअरच्या वर तो कधीही पडू शकतो आणि ३० ला त्याने पडलेच पाहिजे. फरक कोणत्या वायरमुळे पडला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. परत येणाऱ्या प्रवाहातला थोडा भाग शेडच्या न्यूट्रलमधून ओल्या मातीत शिरला, तरी तो फरकच असतो.

न्यूट्रलला तर शॉक लागत नाही, मग त्यातून प्रवाह जमिनीत का जावा, असा प्रश्न यावर येतो. ट्रान्सफॉर्मरपासून दूर असलेल्या घरात न्यूट्रल आणि जमीन यांच्यात नेहमी थोडे व्होल्टेज असते आणि भार वाढला की तेही वाढते. समजा, शेडच्या न्यूट्रलपासून ओल्या जमिनीपर्यंतच्या वाटेचा एकूण रोध ८० ओहम आहे. घरात दोन दिवे आणि पंखा चालू असताना न्यूट्रल व जमीन यांत ०.८ व्होल्ट असतील, तर १० मिलीअँपिअर प्रवाह मातीत जाईल आणि आरसीसीबी टिकेल. २००० वॉटचा गिझर लावला, न्यूट्रलमधून जवळजवळ ९ अँपिअर परत येऊ लागले आणि ते व्होल्टेज ४ झाले, तर ५० मिलीअँपिअर मातीत जातील आणि आरसीसीबी तत्काळ पडेल. गिझर पूर्णपणे निर्दोष असूनही आळ त्याच्यावर येतो. संध्याकाळी सातनंतर, सगळ्या गल्लीचा भार वाढल्यावर, आपल्या घरात काही नवीन लावलेले नसतानाही आरसीसीबी पडू लागतो, त्याचेही कारण पुष्कळदा हेच असते.

खानापूर तालुक्यातल्या एका घरात ही गाठ घरच्या काकूंनी सोडवली. तिथे दोन वर्षांत दोनदा आरसीसीबी बदलला होता आणि गिझरचे एलिमेंटही नवे घातले होते. मी नेहमीप्रमाणे तपासायला सुरुवात केली, तेव्हा काकू म्हणाल्या, “ज्या दिवशी बंब पेटवतोय त्या दिवशी काय होत नाही बघा. गिझर लावला की पडतंयच. पण तेबी पावसातच, उन्हाळ्यात गिझर लावला तर चालतंय की.” गिझर सदोष असता, तर तो उन्हाळ्यातही पडला असता. भार आणि पाऊस या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच जो दोष दिसतो, तो बहुधा जमिनीला टेकलेल्या न्यूट्रलचा असतो. म्हणून माझा आग्रह असा, की वायरमनला बोलावण्याआधी आठवडाभर कागदावर नोंद ठेवावी. आरसीसीबी किती वाजता पडला, पाऊस होता का, घरात काय चालू होते आणि वर केल्यावर किती वेळ टिकला, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तरी अर्धे शोधकाम झालेले असते.

वायरमनने करायची पहिली चाचणी म्हणजे मेन बंद करून शेडकडे जाणारी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी बोर्डातून सोडवणे आणि त्यांची टोके सुरक्षित झाकणे. त्यानंतर घर नेहमीसारखे वापरावे, गिझरही लावावा, आणि हे सगळे पावसाच्या दिवसांतच करावे. आरसीसीबी टिकला, तर दोष शेडकडच्या बाजूला आहे. तरीही पडला, तर शेडला निर्दोष ठरवून घरात शोधावे. शेडची न्यूट्रल सुटली पाहिजे हा या चाचणीचा गाभा आहे, आणि नेमकी तीच सोडवायची राहून जाते.

इथे एक गुंतागुंत होऊ शकते. फ्रीज, संगणक, इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांचे चोक यांतून थोडी-थोडी गळती नेहमीच होत असते. घराचीच अशी एकूण गळती १०-१२ मिलीअँपिअर असेल, तर शेडची छोटी गळतीसुद्धा आरसीसीबी पाडायला पुरते. अशा वेळी ‘शेड सोडली की टिकते’ हे खरे असले, तरी सगळा दोष शेडचा नसतो. लीकेज मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीभोवती एकत्र लावला की घराची गळती थेट वाचता येते.

शेडकडची बाजू ठरल्यावर मेगर लावावा. साधा मल्टिमीटर इथे पुरेसा नाही, कारण तो काही व्होल्टच्या बॅटरीवर रोध मोजतो, आणि ओल धरलेले इन्सुलेशन तेवढ्या दाबाखाली चांगले वाटते, ते २३० व्होल्टला गळू लागते. मेगर ५०० व्होल्ट डीसी लावून मोजतो. शेडमधले दिवे, चार्जर आणि मोटर सगळे सोडवून फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल अशी तीन मापे घ्यावीत. १ मेगाओहमपेक्षा कमी माप आले तर ती लाइन वापरण्यायोग्य नाही, आणि चांगल्या केबलचे माप तर शेकडो मेगाओहम येते. दिवे सोडवायला विसरल्यास मेगरच्या दाबाने एलईडीचे चोक जळतात, आणि नंतर दोष वायरमनवर येतो, तो रास्तच असतो. मधे जोडपेटी असेल, तर तिथे लाइन तोडून दोन्ही भाग वेगळे मोजावेत, म्हणजे कोणत्या भागात खणायचे ते कळते.

हे माप पावसाळ्यात घेण्याला आमच्या भागात विशेष महत्त्व आहे. खानापूर आणि जांबोटीकडची जांभ्या दगडाची तांबडी जमीन मे महिन्यात इतकी वाळते, की उघडी पडलेली वायर त्या मातीत असूनही मेगर चांगले माप दाखवतो. उन्हाळ्यात तपासून ‘लाइन ठीक आहे’ असा निर्वाळा दिलेल्या जागा मी जुलैमध्ये पूर्ण बाद झालेल्या पाहिल्या आहेत. उन्हाळ्यातच तपासणे भाग असेल, तर पाइप गेलेल्या वाटेवर आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी सोडून सकाळी माप घ्यावे. येळ्ळूर आणि वडगावच्या शिवारातल्या काळ्या जमिनीची अडचण वेगळी आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे तिच्यात उथळ पुरलेला पाइप सांध्यात उकलतो.

त्या खानापूरच्या घरी न्यूट्रल-अर्थ माप शून्य आले. घरापासून शेडपर्यंत सुमारे ४० मीटर अंतर होते, आणि पाण्याच्या कामातून उरलेला जीआय पाइप वीतभर खोल पुरून त्यातून घरगुती वायरिंगच्या सुट्या वायरी ओढल्या होत्या. आंब्याच्या झाडाजवळ पाइप थोडा वाकला होता, तिथे खणल्यावर जोड सापडला. काळी टेप हाताला लागताच सुटून आली, तिच्या गोंदाचा चिकट लगदा झाला होता, आणि आत तांब्याच्या तारांवर हिरवी भुकटी धरली होती. न्यूट्रलच्या दोन तारा टेपमधून बाहेर येऊन पाइपच्या गंजलेल्या आतल्या अंगाला टेकल्या होत्या. पाइपमधून गढूळ पाणी वाहून आले. उन्हाळ्यात पाइपभोवतीची माती कोरडी असल्याने काही कळत नसे, आणि पावसाळ्यात तो सगळा पाइपच अर्थिंगच्या सळईसारखा काम करत असे.

पाइप पुरला म्हणजे वायर कोरडी राहिली, हा समज सोडला पाहिजे. जमिनीत पुरलेल्या पाइपमध्ये पाणी शिरतेच, सांध्यांतून शिरते आणि हवेतल्या दमटपणाचेही आत पाणी होते. घरगुती वायरिंगच्या सुट्या वायरी पाण्यात बुडून राहण्यासाठी बनवलेल्याच नसतात. बाकी जागा सांगायला सोप्या आहेत. वळचणीखाली लावलेला होल्डर आणि पाइप वरून आत शिरलेली प्लगची पेटी आधी पाहावी. पेटीत वारुळाची माती आणि मेलेली पाल हमखास सापडते, आणि ओली झालेली ती माती फेजपासून अर्थपर्यंत पूल बांधते. उंदीर-घुशींनी कुरतडलेली वायर आणि वर्षभर पडून राहिलेल्या पंपाच्या मोटरचे ओल धरलेले वाइंडिंग या पुढच्या शक्यता आहेत.

वरून, म्हणजे खांब किंवा झाडाला बांधून नेलेल्या वायरींबद्दल मला वेगळे सांगायचे आहे, कारण तिथे नुसता आरसीसीबी पडत नाही, माणसे दगावतात. दोन कोअरची सर्व्हिस वायर जीआय तारेच्या आधाराने शेडपर्यंत ताणलेली असते. वाऱ्याने घासून तिचे इन्सुलेशन गेले, की ती आधाराची तार विजेखाली येते, आणि पुष्कळ घरांत त्याच तारेवर किंवा तिच्या खांबाला बांधलेल्या दुसऱ्या तारेवर ओले कपडे वाळत घातले जातात. कपड्यांची तार त्या खांबाला अजिबात बांधू नये, तिथे नायलॉनची दोरी वापरावी, आणि शक्य तितक्या लवकर ही वायर काढून जमिनीखालून केबल न्यावी. खांबावरची मुख्य तार तुटून परड्यात पडली असेल, तर तिच्याजवळ न जाता १९१२ या क्रमांकावर कळवावे.

दोष सापडल्यावर जोड पुन्हा टेपने गुंडाळून खड्डा बुजवणे म्हणजे पुढच्या मृगापर्यंतची सोय. कायमच्या कामासाठी तीन कोअरची (आत तीन वायरी असलेली) आर्मर्ड, म्हणजे पोलादी आवरणाची, केबल घ्यावी आणि घरापासून शेडपर्यंत एकही जोड न देता ती अखंड न्यावी. खड्डा ७५ सेंटिमीटर खोल असावा, तळाशी वाळू, वाळूवर केबल, तिच्यावर पुन्हा वाळू आणि मग विटांची ओळ लावावी, म्हणजे पुढे कोणी झाड लावायला खणले तर कुदळ आधी विटेवर आपटेल. जांभ्याच्या कातळात तेवढे खोल जाता येत नसेल, तर केबल भिंतीच्या कडेने क्लॅम्पवर नेणे बरे, अर्धवट खोल पुरू नये. दोन्ही टोकांना ग्लँड (केबल पेटीला घट्ट धरणारा जोड) बसवून केबलच्या वरचे पोलादी आवरण अर्थला जोडावे.

केबलची जाडी ठरवताना लोक फक्त चालू भार पाहतात आणि फसतात. ४० मीटर अंतरावर १ एचपीची कडबा कुट्टीची मोटर असेल, तर ती चालताना साधारण ७ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर ४० अँपिअरपर्यंत जाते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत त्या क्षणी सुमारे ३९ व्होल्ट पडतात. संध्याकाळी घरातच २०० व्होल्ट येत असतील, तर मोटरला १६० च मिळतात, ती घुमत राहते, उचलत नाही, आणि वाइंडिंग तापते. तेच अंतर ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने नेले, तर सुरू होताना १५ व्होल्ट आणि चालताना ३ व्होल्टही पडत नाहीत. खर्च थोडा वाढतो, पण एक मोटर रिवाइंड करण्याचा खर्च त्याच्याशी ताडून पाहावा. मोटर सुरू होताना आरसीसीबी न पडता एमसीबी पडत असेल, तर तो या लेखातला दोष नव्हे. तिथे बी प्रकाराऐवजी सी प्रकारचा, म्हणजे सुरू होतानाचा क्षणिक जादा प्रवाह सोसणारा, एमसीबी लागतो, अर्थात केबल त्या मापाला पुरेशी असेल तरच.

शेडची लाइन घराच्या आरसीसीबीच्या मागून काढू नये. मेन स्विचनंतर तिला स्वतंत्र वाट द्यावी, तिच्यावर दोन पोलचा एमसीबी आणि स्वतःचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असावा, आणि तो घराच्याच टोकाला असावा, म्हणजे मधली केबलही त्याच्या संरक्षणाखाली येते. घराच्या आरसीसीबीमागे शेडमध्ये दुसरा ३० चाच आरसीसीबी लावला, तर कोणता आधी पडेल याची खात्री नसते आणि दिवाणखान्यातही अंधार होतो. स्वतंत्र वाटेत शेडचा फेज आणि शेडची न्यूट्रल दोन्ही शेडच्याच आरसीसीबीतून गेली पाहिजेत. न्यूट्रल चुकून घराच्या लिंकला लावली, तर काहीही दोष नसताना दोन्ही आरसीसीबी पडतात, आणि हे चुकीचे जोडणे मी नव्या घरांतही पाहिले आहे. दोन पोलचा एमसीबी बसल्यावर मात्र शेड बंद करणे म्हणजे खरोखर बंद करणे होते.

अर्थिंगबद्दल एक हिशेब पुरेसा आहे. शेडजवळच्या खड्ड्याचा रोध २० ओहम असेल आणि फेज पत्र्याला लागला, तर २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला भार समजून चालूच राहील आणि पत्रा विजेखालीच राहील. ‘अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे. केबलचा तिसरा कोअर घराच्या अर्थला जोडावाच, शिवाय शेडचा सांगाडा आणि पत्रे जाड अर्थ वायरीने त्याला जोडावेत. तांबड्या जमिनीत खड्डा घ्यायचाच असेल, तर न्हाणीच्या पाण्याची ओल बारा महिने पोहोचते अशी जागा निवडावी.

काम झाल्यावर आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण दाबून पाहावे आणि पुढे दर महिन्याला दाबत राहावे. या बटणाने फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नव्हे, हे लक्षात ठेवावे. त्यानंतर मेगरची तिन्ही मापे तारखेसह बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला कायमच्या शाईने लिहून ठेवावीत. खानापूरच्या त्या घरी नवी केबल घातल्यावर न्यूट्रल-अर्थ माप २०० मेगाओहमच्या वर आले होते आणि ते तसे लिहिले. पुढच्या वर्षी आर्द्राच्या झडीत मी तिथे दुसऱ्या कामाला गेलो, तेव्हा पुन्हा मेगर लावला. माप तेवढेच होते, आणि खाली दुसरी तारीख टाकली.